मी वजन गाळले होते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेंभुर्णीच्या शाळेत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, एका रिकाम्या पोत्याखाली मला झाकून ठेवले आहे. धुळीची माझी तक्रार नाही. जी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, तीच आज तुम्हाला सांगतो.

जालन्यातल्या एका छोट्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. माझी पहिली नोकरी एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यातल्या वजनकाट्याच्या खोलीत होती. भरलेला ट्रक काट्यावर उभा राहिला की त्याच्या वजनाचा आकडा माझ्या पडद्यावर उमटायचा. "कॉम्प्युटरनं सांगितलं म्हंजे बराबर," असे ड्रायव्हर म्हणायचे. वजनाच्या बाबतीत आपण कधी खोटे बोलणार नाही, असा मला गर्व होता.

पुढे तिथे नवा संगणक आला. २००३ साली धर्मराज सरांनी मला टेम्पोतून टेंभुर्णीला आणले आणि शाळेतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसवले. सर मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. मुले चपला बाहेर काढून माझ्यासमोर बसायची. शनिवारी शेवटचा अर्धा तास खेळाचा असे.

त्या मुलांत कौसल्या होती. सातवीतली, अडतीस किलोची. तिचे आबा, रखमाजी वस्ताद, गावच्या तालमीत कुस्ती शिकवायचे. त्या तालमीच्या मातीत उतरलेली ती पहिलीच मुलगी. महिन्याभराने जाफ्राबादला शाळांच्या कुस्त्या होत्या आणि तिचे नाव तिथे गेले होते. ती दिवस मोजत होती.

एका शनिवारी सरांनी एक सीडी आणली. खेळात दोन पहिलवान ठोसे मारायचे, धरायचे, पाडायचे आणि मग जमिनीवर झुंजायचे. दोघांची वजने आधी निवडायची. जड गडी वर आला की खालच्याच्या दमाची पट्टी उतरत जायची. खेळ हुशारीने बनवला होता. पण एवढा हिशेब मला झेपेना. माझा पंखा घरघरू लागला, चित्र जागच्या जागी थांबले.

"सर, हा तर म्हशीवानी बसला!" वसंता ओरडला. वसंता म्हणजे कौसल्याचा चुलतभाऊ, तिच्याच वयाचा, पण अठ्ठावन्न किलोचा.

सरांनी खेळाच्या सेटिंगमध्ये शोधून शोधून 'वजनाचा परिणाम' ही एक ओळ बंद केली. लगेच मी सुसाट धावू लागलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर पंचेचाळीस आणि एकशे दहा हे आकडे तसेच दिसत होते, फक्त त्यांना आता काही अर्थ उरला नव्हता. ती ओळ बंद असल्याचे सर विसरून गेले. मी विसरलो नव्हतो. पण टाळ्या गोड लागत होत्या.

कौसल्या नेहमी सर्वांत लहान पहिलवान घ्यायची. मुद्दाम मोठ्याखाली जायची आणि एक बटण दोनदा दाबून त्याला पालथा करायची. "वजन काई नसतं, वसंता," ती हसून म्हणायची. "डाव असतो."

आबांच्या तालमीत एक रीत होती. जोड लावण्याआधी दोघांनी एकमेकांना कमरेत धरून एकदा उचलायचे. ज्याला उचलता आले नाही, त्याची त्या दिवशी ती जोड नाही.

दोन-तीन शनिवार असेच गेले. मग एका मंगळवारी कौसल्या आली नाही. वसंता दारातच उभा राहिला.

"सर, आबा घरी नव्हते. मी म्हनलं, आधी उचलून पाहू. ती म्हनली, काई गरज न्हाई. आपनहून माझ्याखाली गेली, गेममधली पलटी मारायला. मी वर पडलो अन् तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, सर. मी दाबलं न्हाई. बिलकुल न्हाई. माझं वजनच..."

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. जाफ्राबादच्या कुस्त्या तिच्याविना झाल्या.

तीन आठवड्यांनी ती आबांसोबत क्लासात आली. उजवा हात झोळीत होता.

"हाच का तो पहिलवान?" आबांनी माझ्याकडे बोट केले.

"त्याला नका बोलू, आबा. चूक माझी हाय."

मित्रांनो, तिने मला दोष दिला असता तर बरे वाटले असते.

आबांनी तिला तोच डाव करून दाखवायला लावला. तिने डाव्या हाताने बटण दाबले. पंचेचाळीसने एकशे दहाला उलटवले.

"थांब. खालच्याचा दम उतरला का?"

"न्हाई."

"मंग ते वजन न्हाई, निस्ता आकडा हाय." आबा मुलांकडे वळले. "उभ्यानं जड गड्याला चुकवता येतं. जमिनीवर त्याचं वजन तुमच्या छातीवर निजतं. आधी दम खातं, मंग ताकद खातं, अन् डाव आठवंस्तोर कुस्ती सरती. हलक्यानं पाठीवर ऱ्हायचंच न्हाई. कुशीवर व्हायचं, जागा करायची, मागून निघायचं."

सरांचा चेहरा उतरला. "वस्ताद, ते मीच बंद केलं होतं. हा अडकत होता म्हणून."

आबांनी माझी पेटी दोन्ही हातांनी जराशी उचलून पाहिली. "हलका हाय बिचारा. तुमी जोड जड लावली ह्याला."

मुले हसली. वीज जावी आणि मी विझून जावे, असे मला वाटले.

सरांनी ती ओळ पुन्हा चालू केली. मी धापा टाकू लागलो. पडद्यावरचा एक हात उचलला जायला चार श्वास लागत होते.

"सर, करा ना बंद ते!" मुले कुरकुरली.

"राहू द्या," कौसल्या म्हणाली. "हळू चालून राह्यला, पन आता खरं चालून राह्यला."

ती बसून राहिली. पहिल्यांदा तिचा छोटा पहिलवान खाली सापडला, दमाची पट्टी रिकामी झाली, हरला. दुसऱ्यांदा मोठ्याचे वजन छातीवर यायच्या आत तिने आपल्या छोट्याला कुशीवर वळवले आणि मागून बाहेर काढले. क्लास सुटेपर्यंत एवढेच झाले. मी तिला दुसरे काही देऊ शकत नव्हतो.

पुढच्या वर्षी ती जाफ्राबादला खेळली आणि दुसऱ्या फेरीत हरली. वसंताने येऊन सरांना सांगितले, "पन तिची पाठ कोनालाच लावता आली न्हाई, सर. गुणावर हरली."

ती आनंदाची बातमी होती. तरी मला तिचे ते गेलेले सहा आठवडे आठवले, जे मी तिला परत देऊ शकत नाही.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला पुसा, झाकून ठेवा, जपून वापरा. त्याला झेपेल तेवढेच काम द्या. आणि पडद्यावर कोणी सुसाट धावताना दिसला, तर त्याने काय मागे टाकले आहे ते विचारा. ज्याच्या भरवशावर मातीत उतरायचे, त्याला आधी एकदा उचलून पाहा.