भिंगरीला हाक

“हाक म्हणजे हाक हं! देवापुढं पुटपुटतेस तसली नको. वरच्या गच्चीत गेलीस की कठड्याशी उभी राहा, छाती भरून वारा घे आणि ओरड, ‘ए भिंगरे!’ मी खिडकीत बसून आहे. ऐकू आलं नाही तर घरात घ्यायची नाही, आधीच सांगून ठेवते.”

सासूबाईंचं हे फर्मान सुटलं तेव्हा सूनबाई दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. तिनं मान डोलावली. सासूबाईंनी पाठीत एक थाप मारली. झालं, वचन दिलं गेलं. त्या घरात सकाळचे सगळे करार असेच व्हायचे, एका बाजूनं तोंडानं आणि दुसऱ्या बाजूनं मानेनं. कारण सूनबाईचं मौन. उठून देवापुढं दिवा लावल्यापासून ते घंटाघराचे दुपारचे टोल पडेपर्यंत ती अवाक्षर काढत नसे. लग्नाआधीपासूनचं व्रत, आजारपणात, पाहुण्यारावळ्यांत, कशातही न मोडलेलं. नोकरी शाळेच्या वाचनालयात, त्यामुळे तिथं या व्रताचा कुणाला त्रास तर सोडाच, पत्ताही नव्हता. आणि दुपारनंतर बोलायची तीसुद्धा अशी की समोरच्यानं कान पुढं करावा. घरातलं मांजर तिच्या हाकेला येत नसे. बिचाऱ्याला ऐकूच जात नसे.

आणि अशा बाईनं ओरडायचं. तेही सासूला. तेही ‘ए’ करून!

खरं तर सहलीचं तिकीट सासूबाईंचं होतं. नातीनं वाढदिवसाला भेट दिलेलं. डोंगरावर एकाच्या वर एक अशी राजेलोकांची घरं होती: खाली किल्ला, मध्ये महाल, माथ्यावर गड. गाइडबरोबर चालत चालत ती सगळी बघायची. सासूबाईंचा जन्म या डोंगराच्या पायथ्याच्या गल्लीत गेला होता, पण त्या कधी आत गेल्या नव्हत्या. त्यांचे वडील गवंडी. गडाच्या गच्चीचा कठडा दुरुस्त करायला जायचे आणि भूक लागली की तिथूनच हाक द्यायचे, “ए भिंगरे, डबा आण गं!” ही भिंगरी चढावर पळत जायची, दाराशी डबा द्यायची आणि तशीच माघारी. कामगारांच्या पोरांना आत सोडत नसत. पुढं वडील गेले आणि ते नावही कुणाच्या तोंडात राहिलं नाही. मग शिलाई मशीन आलं, संसार आला, आणि आत जायची सोय झाली तोवर गुडघ्यांनी असहकार पुकारला.

“माझे गुडघे राहू देत घरी, माझे कान आहेत की शाबूत,” त्या म्हणाल्या होत्या. “तू जा, आणि ही बडबडी जाऊ दे तुझ्याबरोबर.”

बडबडी म्हणजे नणंद. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चाले, असं गिऱ्हाइकंच म्हणत.

तर अशा या दोघी खालच्या किल्ल्याच्या दाराशी बाकीच्या मंडळींत जाऊन उभ्या राहिल्या. मंडळी म्हणजे एक नवं जोडपं, जे एकमेकांचा हात फक्त भांडायला सोडत होतं, आणि दातांचे एक डॉक्टर, ज्यांना नवे बूट चावत होते. गाइड लाल छत्री उंच धरून हजर झाला. पोटानं गोल, आवाजानं खणखणीत.

“नमस्कार मंडळी! मी उलटा चालतो, घाबरू नका. मला मागचा रस्ता पाठ आहे, पुढचं तुम्ही बघा. आणि माझा नियम एकच. कुणाला प्रश्न पडला की माझं पाऊल थांबलं. उत्तर दिल्याशिवाय ते उचलणार नाही, आणि प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय माझी फेरी पुरी होत नाही. दुपारची घंटा व्हायच्या पुष्कळ आधी आपण वरच्या गच्चीत असू, आणि घंटेला खाली परत. घंटा झाली की वरचा पहारेकरी गच्चीला कुलूप घालून जेवायला जातो. तो राजासाठीसुद्धा थांबायचा नाही.”

सूनबाईनं चटकन घंटाघराकडं पाहिलं.

घंटेआधी वर. घंटेआधी म्हणजे मौन. हाक मारावी तर व्रत मोडतं, व्रत पाळावं तर हाक राहते. सकाळी मान डोलावताना हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि सासूबाईंच्याही! तिनं नणंदेचं कोपर चिमटीत धरलं.

“काय गं वहिनी? बाथरूम?”

सूनबाईनं मान हलवली. घंटाघराकडं बोट दाखवलं, मग वर गडाकडं, मग स्वतःच्या तोंडाकडं.

“भूक लागली? आत्ताच तर खाऊन निघालो!”

सूनबाईनं डोळे मोठे केले, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडल्याचा आविर्भाव केला आणि लगेच तोंडावर बोट ठेवलं. दातांचे डॉक्टर आपुलकीनं पुढं झाले. “दाढ दुखतेय का यांची?”

“अगं बाई!” नणंदेच्या डोक्यात प्रकाश पडला तो थेट तोंडावाटे बाहेर आला. “हाक! आणि तू तर मुकी घंटेपर्यंत! अगं, मोड की एक दिवस. देव काय रागावणार आहे?”

देव रागावणार नाही, हे सूनबाईला ठाऊक होतं. तो रागावत नाही म्हणूनच तर त्याला फसवणं जिवावर येतं. तिनं हात जोडले. देवाला की नणंदेला, ते कळलं नाही. नणंदेनं मात्र ते आपल्यालाच जोडलेत असं धरून घेतलं, पदर खोचावा तशी पर्स काखेत खोचली आणि म्हणाली, “मग घंटा वरच ऐकायची. तू चल नुसती. बोलायचं काम माझ्याकडं.”

पहिलं पाऊल पडायच्या आतच तिचा हात वर गेला. “गाइडभाऊ! राणीचे केस किती लांब होते?”

गाइड थांबला. त्याचा चेहरा उजळला. “कमरेखाली. चित्र आहे आत.”

“मग ती न्हायची कुठं? वाळवायची कुठं? पावसाळ्यात काय करायची?”

गाइडनं छत्री खाली टेकवली, म्हणजे आता वेळ लागणार. त्यानं न्हाणीघर सांगितलं, शेगडी सांगितली, धूप सांगितला. नणंदेनं तेल विचारलं. उवा विचारल्या. राजाला टक्कल होतं का, हे विचारलं. नव्या जोडप्यातली नवरी फिदीफिदी हसायला लागली आणि तिनंही विचारलं, “राजा-राणीचं भांडण झालं की राजा कुठं झोपायचा?”

“बुरुजात,” गाइड गंभीरपणे म्हणाला. “वेगळी खोली आहे. दाखवतो.”

ती खोली बघायला नवऱ्यानं सगळ्यांत जास्त वेळ घेतला. इतकी अरुंद की माणसानं कुशीवर वळायचं तर आधी बाहेर यावं. “वाईट नाही,” तो म्हणाला, आणि नवरीनं त्याला असा चिमटा काढला की डॉक्टर दचकले.

असं करत करत मंडळी मधल्या महालाशी पोचली. दिवाणखान्याची लाकडी जमीन आरशासारखी. ओरखडे पडू नयेत म्हणून दारातच एका टोपलीत लोकरीचे मोठाले सपाते ठेवले होते, बुटांवरूनच घालायचे. सगळ्यांनी घातले. एकदम सगळ्यांची बदकं झाली.

“पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं,” गाइड म्हणाला. “घसरायचं नाही.”

घसरायचं नाही म्हटल्यावर माणसाच्या पायांना जे होतं ते झालं. आधी डॉक्टर गेले. जायचं त्यांच्या मनात नव्हतं, ते नुसते झुंबराकडं बघत मागं सरले आणि संथपणे, टाय सावरत, पार समोरच्या भिंतीपर्यंत निघून गेले. “अरे वा,” तिथून त्यांचा आवाज आला. “बूट चावत नाहीयेत आता!” नवरा-नवरी हात धरून निघाले. नणंद निघाली ती “बाजूला व्हा, बाजूला व्हा” करत. आणि तिनं जाता जाता सूनबाईचा दंड धरला.

सूनबाई घसरली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे पाय तिला न विचारता कुठंतरी चालले होते. खिडक्या सर्रकन मागं गेल्या, झुंबर डोक्यावरून गेलं, पोटात गुदगुल्यांचं वारूळ फुटलं आणि घशाशी एक किंकाळी आली. चांगली सणसणीत किंकाळी! आपल्यात एवढी मोठी वस्तू कुठं होती, याचंच तिला नवल वाटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. किंकाळी नाकातून शिटीसारखी निघाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि भिंतीला टेकून ती गदागदा, आवाज न करता हसत राहिली.

“हे मोडलं धरायचं का?” नणंदेनं धापा टाकत विचारलं. सूनबाईनं नाकाला हात लावून नाही म्हणून सांगितलं. नाकाचं व्रत नव्हतं.

गाइड दारात उभा होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, महालाची राखणदारीण बाहेर चहा पीत होती ती बघितली. मग छत्री छातीशी धरली आणि आपल्या रिवाजाप्रमाणे उलटाच, पाठीमागच्या दिशेनं, राजासारखा घसरत गेला.

त्यानंतर कुणाला काही सांगायलाच नको होतं. डॉक्टरांनी परत एकदा जायची परवानगी मागितली. परत एकदाचं परत दोनदा झालं. आणि हसून हसून बरगड्या धरून बसलेल्या नणंदेनं सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. घंटाघराच्या सावलीनं अंग चोरून घेतलं होतं, ती पार भिंतीच्या पायाशी येऊन बसली होती.

“गाइडभाऊ! घंटा!”

“हा प्रश्न आहे का?”

“प्रश्न नाही हो, बोंब आहे! कुलूप पडेल!” आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं: सासू, गवंडी, भिंगरी, मौन, मानेचा करार. सांगता सांगता सपाते टोपलीत पडत होते. गाइडनं सूनबाईकडं पाहिलं. मग त्यानं छत्री मिटली आणि चक्क तोंड पुढं करून धावायला लागला.

गडाची चढण म्हणजे नुसती छातीवर येणारी. “अरे, इकडून हे असं दिसतं होय!” गाइड पळता पळता म्हणत होता. “इतकी वर्षं मी नुसती तुमची तोंडं बघत आलो!” डॉक्टरांनी बूट हातात घेतले होते. नवरा नवरीला ओढत होता, पुढच्या वळणावर नवरी नवऱ्याला. सूनबाईच्या ओठांवर देवाचं नाव होतं, आवाजाशिवाय, एकेका श्वासाला एकेक.

गच्चीच्या दाराशी पहारेकरी उभा होता, मिशा पांढऱ्या, हातात किल्ली. एक डोळा घंटाघरावर, दुसरा जेवणाच्या डब्यावर. सगळे त्याच्या काखेखालून आत घुसले.

“ओ! घंटा झाली की कुलूप. आधीच सांगतोय.”

“झाली का घंटा?” नणंद म्हणाली.

“होईल आता.”

हीच तर मेख होती. घंटेआधी सूनबाईला तोंड नाही, घंटेनंतर गच्ची नाही. ती दाराजवळ उभी राहिली. वारा कपड्यांशी झोंबत होता. घशात मघाची किंकाळी अजून तशीच बसून होती, पाहुणी निघायला तयार असावी तशी. एका घंटेचं काय ते अंतर. ओरडून टाकावं का? देव समोरच तर आहे, एवढ्या आभाळात तो दुसरीकडं कुठं असणार? पण तिनं ओठ मिटून घेतले.

घंटाघरातून पहिला टोल पडला. पहारेकऱ्यानं किल्ली उचलली. “चला, बाहेर.”

“थांबा,” गाइड म्हणाला. धापा टाकत होता, पण आवाज खणखणीत. “माझी फेरी पुरी झालेली नाही. सगळ्यांनी प्रश्न विचारले. या बाईंनी एकही विचारलेला नाही.”

“मग विचारा की, बाई, पटकन! माझं अन्न निवतंय.”

सगळे सूनबाईकडं वळले. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि घंटाघराकडं पाहिलं. टोल पडत होते. पहारेकऱ्यानं गाइडकडं पाहिलं, गाइडनं आभाळाकडं. डॉक्टर हातात बूट घेऊन देवळात उभं राहावं तसे उभे होते. नवरीनं नवऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून हसू दाबलं.

“या काय बोलत नाहीत का?” पहारेकऱ्यानं हळूच नणंदेला विचारलं.

“बोलतील हो. आणि बोलल्या ना, की तुम्ही मिशा धरून ठेवा.”

शेवटचा टोल पडला. त्याचा घुमारा डोंगरावरून खाली उतरत गेला, पार विरला. सूनबाईनं तोवर वाट पाहिली. मग बोट खाली घेतलं.

“भाऊ,” ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. सगळ्यांनी कान पुढं केले. “आमची शिंप्याची गल्ली कुठल्या बाजूला?”

गाइडनं लाल छत्री उगारून कठड्याचा कोपरा दाखवला. तिथले दगड बाकीच्यांहून जरा उजळ होते, नंतर कुणी निगुतीनं बसवलेले. त्यांच्यापलीकडं, खाली, छपरांच्या गर्दीत एक उघडी खिडकी होती, नखाएवढी.

नणंदेनं दोन्ही कानांत बोटं घातली. पहारेकऱ्यानं डबा खाली ठेवला.

सूनबाईनं एकदा डोळे मिटून हात जोडले, घसा साफ केला आणि हळूहळू कठड्याकडं चालू लागली.