ज्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला

दोघांचे कोरोनाचे रिपोर्ट दुपारी एकदमच आले. सिस्टरने आधी नवऱ्याचा उघडला, कारण धाकधूक सगळी त्याच्याच रिपोर्टची होती.

निगेटिव्ह.

"सुटलात," ती म्हणाली. "नशीबवान आहात, एवढंच म्हणते."

मग तिने स्वतःचा उघडला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पुसला. चष्मा पुसूनही शब्द बदलला नाही. पॉझिटिव्ह.

"काय गं, काय झालं?" नवरा खुर्चीतून उठला.

"लांब व्हा. आधी खोलीबाहेर व्हा!"

तिला अख्खी गल्ली सिस्टर म्हणायची. सगळी नोकरी तिने मोठ्या इस्पितळाच्या प्रसूती वॉर्डात काढली होती. निवृत्त झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवराही थट्टेने सिस्टरच म्हणायचा. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. उभा जन्म रस्त्यावर गेलेला माणूस. घरात बसवला की त्याला भिंती खायला उठायच्या.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. जावई तेलविहिरीवर कामाला, एकदा गेला की महिना महिना तिकडेच. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि लेकीने फोनवर एकच धोशा लावला होता, "आई, तू ये. मला दुसरं कुणी नको." विमानात बसायचं तर सुटण्याआधी तीन दिवसांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा, त्यावर पासपोर्टचा नंबर छापलेला हवा. दोघांची तिकिटं काढून झाली होती, तेवढी एक अट पार पडली की झालं.

त्या एका अटीसाठी सिस्टरने महिनाभर जिवाचं रान केलं होतं. घरात पाहुणा नाही, शेजारीण नाही. पेपर बंद. भाजी साबणाच्या पाण्यातून काढल्याशिवाय ओट्यावर यायची नाही. दाराची कडीसुद्धा ती दिवसातून दहादा पुसायची. आणि एवढं सगळं करून नवऱ्याकडे वळावं, तर हा गृहस्थ चपला घालून उभा. "जरा पाय मोकळे करून येतो." ते पाय मोकळे व्हायचे ते चौकातल्या कुलूपवाल्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, पत्ते कुटत. यावरून घरात रोज वाजायचं. "आजपासून कानाला खडा," तो म्हणायचा, आणि दोन दिवसांनी खडा पडायचा.

लॅबमध्ये नाकात काडी घालताना त्याने केवढा तमाशा केला होता! तपासणाऱ्या पोरीचं मनगटच धरलं, खोकला, शिंकला, डोळ्यांतून पाणी काढलं. सिस्टर मात्र मान मागे टाकून दगडासारखी बसली होती. आणि आता हे.

तिने लॅबला फोन लावला.

"मला ताप नाही, खोकला नाही. वास येतोय, चव लागतेय. तुमची काहीतरी अदलाबदल झालीये. परत तपासा."

"मॅडम, पुष्कळांना काहीच लक्षणं नसतात. मशीन चुकत नाही."

"मशीन चुकत नसेल हो. नावाची चिठ्ठी चिकटवणारा चुकतो ना? माझ्याबरोबर नवरा आला होता, त्याचा नमुना माझ्या नावावर गेला असेल. हिंडत तो होता, मी नव्हते!"

तिकडचा माणूस नरमला. मग त्याने सकाळी घरी माणूस पाठवायचं कबूल केलं. पांढऱ्या पोशाखातला एक जण आला, दारातच काडी घालून गेला. उत्तर तेच आलं.

त्यानंतर सिस्टर मागच्या खोलीत गेली आणि तिने आतून दार लावून घेतलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रडू येत होतं, पण रडण्याआधी राग यायचा आणि रडू मागे ढकलायचा.

नवरा दाराबाहेर घुटमळत होता. "मीही तिकीट रद्द करतो," तो म्हणाला. "तुला अशी टाकून कुठे जाऊ?"

"मला काय धाड भरलीये? ती तिकडे एकटी पोट कापून घेणार आहे. तुम्ही जा."

"मी? अगं, मी जाऊन काय करू?"

"तेच तर!" आतून आवाज कडाडला. "हजार पोरं या हातांनी धुतली, पुसली, दुपट्यात गुंडाळली. आणि माझ्या लेकीच्या पोराला कोण जाणार? ज्याला स्वतःचा बनियन सापडत नाही तो!"

नवऱ्याने माळ्यावरून बॅग खाली काढली. मग म्हणाला, "बनियन सापडतो मला."

बॅग भरली गेली ती अशी, बंद दारातून. ती आतून ओरडायची आणि तो बाहेर शोधायचा. मऊ धुतलेल्या सुती कापडांचा गठ्ठा कपाटाच्या वरच्या कप्प्यात. तो नव्हे, पडद्यांचा नव्हे! नाळ पडेपर्यंत आंघोळ नाही, नुसतं पुसायचं, समजलं? मान धरायची, मान. डोकं नव्हे, मान. ऑपरेशनच्या टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही. पोरीला वाकू द्यायचं नाही. "मी काय सांगितलं, परत म्हणा." तो शाळेतल्या मुलासारखा परत म्हणायचा आणि मधलंच काहीतरी गाळायचा. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

टॅक्सी आली तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहिली. त्याने तिची मोठी बॅग डिकीत टाकली, वर बघून हात हलवला. तिने हात हलवला नाही. पडदा ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी नात झाली. फोनच्या काचेत एक लालबुंद सुरकुतलेलं तोंड दिसलं आणि सिस्टरने कपाळ काचेला टेकवलं. तेवढा वेळ ती राग विसरली.

कुलूपवाला रोज दाराबाहेर पिशवी ठेवून जायचा. ड्रायव्हरने जाताना त्याला सांगितलं होतं. अंडी, पाव, भाजी, कधी फळं. माणूस चांगला, बोलघेवडा. नात दहा दिवसांची झाली त्या दिवशी पिशवी ठेवून तो जिन्यात रेंगाळला आणि बंद दाराशीच गप्पा मारू लागला.

"बरं वाटतंय ना सिस्टर? तोंडाला चव आहे?"

"आहे. मला काहीच झालं नाही."

"मग बरंय. आपल्या ड्रायव्हरसाहेबांची तर चवही गेलेली आणि नाकही. हसून हसून मेलो होतो आम्ही. माझ्याकडून रॉकेलचा डबा लवंडला, दुकानात उभं राहवेना, मी नाक दाबून बाहेर पळालो. आणि हा आपला शांतपणे पत्ते पिसतोय. म्हणतो, कसला वास?"

आत सिस्टर दाराला चिकटून उभी राहिली.

"हे कधी झालं?" सिस्टरने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

"झालं की मागेच. तुमच्या टेस्टच्या बऱ्याच आधी. दोन-तीन आठवडे तरी..." आणि मग कुलूपवाल्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. तो जिना कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सिस्टर पलंगावर बसली. सगळं आपोआप जुळत गेलं. मध्येच तो चार दिवस घरात शहाण्यासारखा बसला होता. "बघ, ऐकतो की नाही तुझं?" म्हणाला होता. अंगावर शाल घेऊन हॉलमधल्या कोचावर झोपला होता, का, तर म्हणे पाठ धरलीये. आणि तिने, नर्स असून, त्याच्या पाठीला मलम चोळलं होतं! जोरात चोळलं होतं, तोंडाजवळ तोंड नेऊन. त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याला झाला, भोगला, बरा झाला. मग बरोब्बर तिच्या अंगात ठेवून विमानात बसला.

तिने फोन उचलला.

पलीकडे बाथरूममध्ये टबातल्या कोमट पाण्याची वाफ होती. नवरा बाह्या सरसावून उभा होता आणि त्याच्या हातावर नात पालथी पडली होती. एवढुशी मान त्याच्या अंगठ्या-बोटाच्या बेचक्यात अलगद बसलेली. तो दुसऱ्या हाताने पाठीवर पाणी सोडत होता आणि बसचे थांबे पुकारावेत तसं काहीतरी तालात पुटपुटत होता. फोन लेकीने धरला होता.

"तुम्हाला वास येत नव्हता," सिस्टर म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"माहीत असताना तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवलात. मी विचारलं होतं. कपाळाला हात लावून विचारलं होतं! तोंड शिवलं होतं तुमचं? माझं जाणं तुम्ही—"

"आई, ओरडू नकोस," लेक दबल्या आवाजात म्हणाली. "ती दचकते. आणि बाबांना आत्ता काही बोलू नकोस ना. ते आहेत म्हणून मी झोपू तरी शकते."

फोन बंद झाला. सिस्टर काळ्या काचेकडे बघत राहिली. तो निकामी आहे म्हणून ती इतके दिवस जळत होती. आता तो निकामी नाही हे पाहून दुप्पट जळली.

पुढचे दिवस नुसते लॅबच्या वाऱ्या. अंगात काही नाही, डॉक्टर म्हणाले तुमच्यापासून कुणालाही धोका नाही, पण काडी घातली की पॉझिटिव्ह. "मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात हो, मशीनला तेही दिसतात," लॅबवाल्याने समजावलं. "मग तसं लिहून द्या." "तसं लिहायचा नियम नाही." विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांचं पत्र न वाचताच परत सरकवलं. सिस्टरने तिला एवढं सुनावलं की मागच्या रांगेतली माणसं टाळ्या वाजवतील असं वाटलं, पण कुणी वाजवल्या नाहीत. ज्याला त्याला आपल्या रिपोर्टची काळजी. दर खेपेला ती हात हलवत घरी यायची आणि भरून ठेवलेल्या दुसऱ्या बॅगेतलं एखादं झबलं काढून ठेवायची, कारण ते आता लहान झालं असणार.

अखेर चौथ्या खेपेला निगेटिव्ह आला. ती ना हसली ना कुणाला बोलली. तिकीट काढलं आणि गेली.

नवरा विमानतळावर घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा पांढरा डाग. त्याने ढकलगाडी धरायला हात पुढे केला. तिने गाडी सोडली नाही. दोघं तशीच पार्किंगपर्यंत गेली.

"मला वाटलं साधी सर्दी आहे," गाडीजवळ पोचल्यावर तो म्हणाला.

"खोटं."

तो डिकी उघडायला वळला. "हो, खोटं," म्हणाला. "कळलं होतं मला. पण सांगितलं असतं तर तू मला ठेवून एकटी गेली असतीस. वाटलं, जायच्या दिवसापर्यंत बरा होईन, कुणाला पत्ता लागणार नाही. मलाही बघायचं होतं गं बाळाला. तुला होईल हे डोक्यातच आलं नाही."

"आलं नाही?" सिस्टर म्हणाली. "नाकातोंडाला फडकी बांधून मी भाज्या धुत होते तेव्हा काय वाटत होतं तुला? तू बघत होतास. मी कड्या पुसत होते आणि तू बघत होतास!"

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. दोघांनाही ते ऐकू गेलं. तिने शब्द मागे घेतला नाही.

"तिला पहिल्यांदा हातात कुणी घेतलं?" तिने विचारलं.

"मी."

"ते माझं होतं. ते तू मला परत देऊ शकत नाहीस. माफी मागू नकोस, मला नकोय. गाडी काढ."

त्याने गाडी काढली. घरी लेक दारात उभी होती. तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी रडल्या. मग लेकीने पाळण्यातून बाळ उचलून आईच्या हातात दिलं.

नात आता चांगली गुटगुटीत झाली होती. तिने हे नवं तोंड निरखून पाहिलं, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. सिस्टरने खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, उभं धरलं, आडवं धरलं. वॉर्डात कधी न चुकलेला एकही उपाय लागू पडेना. रडणं वाढतच गेलं, बाळाचं तोंड लाल झालं.

नवऱ्याने न कळत हात पुढे केले. "दे, माझ्याकडे लगेच गप्प—"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"आई, ती बाबांच्या सवयीची आहे," लेक काकुळतीने म्हणाली.

"असू दे. माझ्याही होईल."

ती बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली आणि त्या दोघांकडे पाठ करून उभी राहिली. बाळ किंचाळत होतं, लाथा झाडत होतं, आणि तिने तळहात त्याच्या मानेखाली घट्ट धरला होता. "रड," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पाहिजे तेवढं रड. मी काही आता हलत नाही."

बाळ बराच वेळ रडलं.