सुहासने बनवलेला प्री-अँप

त्र्यंबक शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी सुहास त्याच्याकडे यायचा. बेगडेवाडीहून लोकल पकडून तळेगावला उतरायचं, त्र्यंबकच्या घरी चहा घ्यायचा आणि जेवणवेळेपर्यंत दोघांनी जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या. सुहास कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. स्टिरिओचा प्री-अँप, म्हणजे सुईवरून येणारा बारीक आवाज अँप्लिफायरकडे जाण्याआधी नीट करून घेणारा डबा, त्याने स्वतः बनवून मित्राला दिला होता.

गेली दोन-तीन वर्षं मात्र त्या डब्याचा आवाज त्र्यंबकच्या कानाला टोचत होता. गाण्यातला प्रत्येक 'स' शिट्टीसारखा यायचा. सुहासला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट अधूनमधून तो डब्याचं झाकण उघडून आत स्क्रूड्रायव्हर फिरवायचा आणि म्हणायचा, "आता बघ कसं मोकळं वाटतंय."

त्र्यंबक मान हलवायचा. डबा म्हातारा झालाय आणि सुहासला ते मान्य होत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

दिवाळीत मुलगा रुचिर घरी आला तेव्हा त्र्यंबकने त्याला हे सांगितलं. "बाबा, व्हॉल्व्हचे, जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचे, छोटे प्री-अँप हल्ली परवडतील असे मिळतात," असं म्हणून रुचिरने तिथेच मोबाइलवरून एक मागवून दिला. आठवडाभरात कुरिअर आलं. वर अंगठ्याएवढ्या दोन काचेच्या नळ्या, पुढे आवाजाचं एकच बटण. नळ्या हळूहळू तांबूस झाल्या आणि रेकॉर्ड सुरू झाली, तशी त्र्यंबकची बायको रजनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"ही बाई इतकं हळुवार गात होती होय?" ती म्हणाली.

त्र्यंबक त्या दिवशी सगळ्या आवडत्या रेकॉर्डी पुन्हा ऐकत बसला. मग त्याला रविवारची काळजी लागली. आपला डबा कोपऱ्यात पडलेला पाहून सुहासला वाईट वाटेल. त्यापेक्षा तो दिसायलाच नको. शनिवारी भंगारवाला नथू दारावर आला, तेव्हा जुन्या मिक्सरबरोबर त्याने डबाही देऊन टाकला.

"चालू हाय का बंद?" नथूने विचारलं.

"चालू आहे."

"मंग टाकताय कशाला?"

त्र्यंबकने मिक्सरची वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

रविवारी सुहास आला. त्याने नवीन प्री-अँप कौतुकाने निरखला. रेकॉर्ड सुरू झाल्यावर तो आधी पुढे वाकला, मग मागे टेकून बसला. एरवी प्रत्येक तानेला दाद देणारा माणूस त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिला.

"गोड आहे रे," बाजू संपल्यावर तो म्हणाला. "माझा डबा कुठंय?"

"माळ्यावर ठेवलाय. जपून."

पुढच्या रविवारी सुहासने गुडघा दुखतोय असा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. मग एक दिवस भाजी घेताना सुहासची मुलगी अश्लेषा भेटली.

"काका, बाबांनी बनवलेला तो प्री-अँप काही दिवस आम्हाला द्याल का? त्यांना मागायला संकोच वाटतोय."

"का गं? काय झालं?"

"त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन-तीन वर्षं झाली. तुमच्याकडे त्या डब्यातले वरचे सूर ते वाढवून ठेवायचे, म्हणून गाणं कळायचं. कानाचं मशीन घेतलंय, बोलणं कळतं त्यात. पण गाणं म्हणे पत्र्यासारखं वाटतं."

त्र्यंबक भाजीची पिशवी तशीच घेऊन नथूच्या गोदामावर गेला.

"त्यो तवाच तोडला, गुरुजी," नथू म्हणाला. "माल आंबीच्या भट्टीत गेला. आता कुटं घावायचा?"

मग त्र्यंबक बेगडेवाडीला गेला. सुहास ओट्यावर बसला होता. त्र्यंबकने चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, माळ्याचं खोटंसुद्धा.



"तुला तो आवाज टोचायचा, हे मला दिसत होतं," सुहास म्हणाला. "तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. बोलला असतास तर मीही सांगितलं असतं."

"नवीन बनवूया. मी सामान आणतो."

"हात थरथरतात आता. तारांना सोल्डरचा डाग देताच येत नाही." त्याने आत वळून अश्लेषाला चहा टाकायला सांगितलं. "बस. उन्हात आलास."

सुहास आता महिन्यातून एखादा रविवार येतो. दोघं पाण्याच्या टँकरबद्दल, शिरगावच्या रस्त्याबद्दल बोलतात. तो असेपर्यंत त्र्यंबक स्टिरिओला हात लावत नाही. सुहासही लाव म्हणत नाही. बाकीच्या दिवशी त्र्यंबक एकटाच रेकॉर्ड लावतो. आवाज खरंच गोड आहे. पण एखादी तान फार सुंदर गेली की तो उठून सुई उचलून ठेवतो.