अज्जाच्या कपाळावरची पहाट

अज्जाची नजर जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून अहमदपूरच्या आमच्या घरात दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो. "उमा, उजाडलं का गं?" आई सासऱ्यांना म्हणते, "न्हाई मामा, झोपा." असं तीनदा. चौथ्यांदा उजाडतं. आईची झोप अकरा वर्षं अर्धी आहे. अज्जाला विचारायची लाज वाटते, तरी विचारावं लागतं.

मी नांदेडला प्रयोगशाळेत उजेड ओळखणारं कातडं बनवतो. रबरासारखं मऊ, बोटभर. सेल नको, चार्जर नको. अंग हललं, घासलं की स्वतःच वीज तयार करतं आणि उजेड पडला की बारीक थरथरतं. त्याचं कौतुक फक्त माझ्या गाइडना आहे आणि ते रजेवर आहेत. म्हणून एक तुकडा घेऊन एसटीने घरी आलो.

"मनगटाला लावू, अज्जा?"

"डोळा मनगटाला असतोय का, शिवम? महादेवाला कुठं हाय?"

लावला कपाळाला.

दुसऱ्या दिवशी अज्जाने "उजाडलं!" म्हणून आरोळी ठोकली. साडेतीन वाजले होते. आईने उठून अंगण झाडलं, मग घड्याळ पाहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वातीन. आई म्हणाली, "तुझ्या यंत्रापेक्षा मामा बरे. विचारत तरी होते."

तपासायला बसलो. अज्जा जाग आल्याबरोबर, कुणाशी बोलायच्या आधी, तीन बोटांनी कपाळावर भस्म ओढतो. बोटं घासली की वीज, वीज आली की थरथर, थरथरलं की उजाडलं. नंतर खरा सूर्य येतो तेव्हा कातडं भस्माखाली असतं. म्हणजे तीन वर्षं खपून मी अज्जा घासेल तेव्हा उगवणारा सूर्य बनवला होता.

"भस्म सोडा म्हणणार हायस का?" अज्जाने विचारलं.

"न्हाई," म्हणालो. मला याच घरात जेवायचं होतं.

मुकाट्याने तुकडा मनगटावर आणला. बजावलं, थरथर थांबलीच नाही तर उजेड, नुसती आली-गेली तर धरू नका.

मी नांदेडला परतलो. दुसऱ्या दिवशी साडेआठला आईचा फोन. आवाज जड.

"आत्ता उठले रे. हाकच आली न्हाई."

"अज्जा?"

"कवाचे न्हाऊन, पूजा करून बसलेत. त्यांना कळलं उजाडल्याचं. मला कोण सांगणार?"

मागून अज्जा बोलला, "झोपू दिलं तिला. सहापासून बिनचहाचा बसलोय, पण विचारलं न्हाई."