वेदीवरून उतरवलेलं चित्र

दीनानाथबुवांनी आयुष्यभर कीर्तनात भल्याभल्यांना रडवलं. पण पोटची पोर तीन महिने कोरड्या डोळ्यांनी बसली होती, तिच्यापुढे त्यांचं काही चालेना. स्नेहलचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. बुवांना साताऱ्याहून नेदरलँड्समध्ये, तिच्या आल्मेरेच्या घरी येऊन आठवडा झाला होता. ती जेवायला वाढी, गोळ्यांची आठवण करी, बस्स.

रविवारी ती त्यांना म्युझियममध्ये घेऊन आली. प्रबोधनकाळातल्या चित्रांच्या दालनात बुवा थबकले. लाकडी फळीवर निळ्या वस्त्रातली आई रंगवलेली, मांडीवर मेलेला मुलगा. पावलात खिळ्याचं भोक. आईच्या गालावरचा थेंबन्‌थेंब दिसत होता.

"हे चर्चच्या वेदीवर होतं," कानाला लावलेल्या यंत्रातली चित्राची माहिती ऐकत स्नेहल म्हणाली. "लोकांनी समोर गुडघे टेकून तिच्याबरोबर रडावं, म्हणून मुद्दाम असं काढायचे."

"म्हणजे आमचंच काम की गं! आम्ही गातो, यांनी रंगवलं."

देव दिसला की बुवांना राहवत नसे. बूट काढून त्यांनी त्या पावलांकडे हात नेला. घंटा ठणाणली. रखवालदार धावत आला. स्नेहल त्याच्याशी डचमध्ये काहीतरी बोलली. बुवांच्या बुटांकडे बघून तो मागे सरला.

"काय म्हणालीस?"

"माझे वडील पाया पडत होते म्हटलं." तिची नजर चित्रावरच होती. "त्या आईला तरी घेऊ दिलं, बाबा. मांडीवर."

बुवांना बाळंतपणाचा दिवस आठवला. त्या दिवशी इथली नर्स बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली होती. स्नेहलनं फोन करून विचारलं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बुवा म्हणाले होते, "तोंड बघू नकोस पोरी, माया जडते."

तिनं ऐकलं होतं.

तिनं पर्समधून बंद पाकीट काढलं. "नर्सनं फोटो काढून ठेवलाय. तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून उघडलं नाही."

"स्नेहल, अगं, देह हा शेवटी—"

"निरूपण नको, बाबा. उघडा."

बुवा मोज्यांवरच बाकावर टेकले. त्यांनी पाकीट फाडलं. आत गुलाबी टोपड्यात एवढासा चेहरा, ओठ काळसर, मिटलेल्या पापण्या.

"मुलगी," ते कसेबसे म्हणाले. तेही त्यांनी तीन महिन्यांत विचारलं नव्हतं. "नाक तुझ्या आईचं."

त्यांनी फोटो लेकीच्या मांडीवर ठेवला. ती बघत राहिली. डोळे तसेच कोरडे.

रडले ते बुवाच.