ताईच्या गल्लीपुरता आवाज

“बॅग भर म्हणतोय ना, ताई. आत्ताच्या आत्ता.”

भोंगेवाला बहिणीच्या स्वयंपाकघरात उभा राहून कुजबुजत होता. गावाला ओरडून सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला कुजबुजणं काही जमत नव्हतं. टेम्पोवर भोंगा बांधून त्याने चपलांचे सेल पुकारले, पाणी न येण्याचे दिवस पुकारले. एकदा हरवलेले म्हणून पुकारलेले आजोबा त्याच्याच टेम्पोत मागे झोपलेले निघाले. लोक हसले, पण तो पुकारतो ते खरं, हा त्याचा लौकिक कायम राहिला.

युद्ध सुरू झाल्यावर सरकारी कचेरीला तोच लौकिक हवा होता. रोज कागद हातात पडे: पुलापलीकडची वस्ती सुरक्षित आहे, घरं सोडू नका, अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही. ताई पुलापलीकडेच राहायची. आणि आज पहाटे तिथल्या साहेबलोकांची बायकामुलं गाद्यागिरद्यांसकट ट्रकमधून पूल ओलांडताना त्याने स्वतः पाहिली होती.

त्याने ते सांगितलं. ताई भाजी निवडत राहिली. काल तूच म्हणालास ना, धोका नाही म्हणून? शेजारीण सामान बांधत होती, तिलाही ताईनेच थांबवलं होतं. माझा भाऊ सांगतोय म्हणजे झालं, असं ठणकावून.

“लिहून देतात ते वाचतो गं मी. खोटं आहे ते सगळं.”

ताईने हातातली जुडी खाली ठेवली. लहानपणी यानं मार खाल्ला पण खोटं बोलला नाही, हे ती येईल-जाईल त्याला ऐकवायची.

“तू सगळ्या गावाशी खोटं बोलशील?” ती हसली. “नाही रे. भ्यायलायस तू. चहा घे, बरं वाटेल.”

तो रागावला, पाया पडला, शेवटी दंडाला धरून ओढू लागला. तिने हात सोडवून घेतला. दुपारी इकडून जाताना आवाज कमी कर, झोप मोडते माझी, एवढं मात्र नेहमीसारखं बजावलं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची बोटं वर्षानुवर्षं आपोआप आवाजाच्या बटणाकडे जात.

दुपारी खरं तेच पुकारावं असं त्याच्या मनात आलं. पण शेजारी कचेरीचा माणूस बसला होता आणि घरी बायकापोरं होती. त्याने कागदच वाचला. ताईच्या गल्लीत हळू वाचला.

तो पूल ओलांडून परतला आणि विमानं आली. ताई अंथरुणातच सापडली.

तिला स्मशानात पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात नवा कागद पडला: हल्ला परतवला, पुलापलीकडे जीवितहानी नाही. पुकारायचं होतं पुलापलीकडेच. ढिगाऱ्यापाशी शेजारीण उभी होती. तिने टेम्पो थांबवला.

“कोणी गेलं नाही म्हणालात ना, भाऊ? मग आमचे हे असतील कुठल्यातरी दवाखान्यात.”

कचेरीचा माणूस बघत होता.

“असतील,” तो म्हणाला.

टेम्पो पुढे निघाला. ताईच्या गल्लीत विटांखेरीज काही उरलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्याची बोटं बटणाकडे गेली आणि त्याने आवाज कमी केला.