बंगल्यामागचा हौद

गुणवंतराव दिवाणजींचा दोन गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, माणसांवर आणि साचलेल्या पाण्यावर. नोकरी मात्र पदरात पडली ती दोन्ही सांभाळायची.

आलापल्लीपासून दोन कोसांवर, सागाच्या रानात, नागपूरच्या एका लाकूड ठेकेदाराचा बंगला होता. बांधला होता कुण्या गोऱ्या साहेबानं. साहेब विलायतेला गेला आणि बंगला ठेकेदारानं घेतला. मागच्या अंगाला दगडी हौद, तीस हात लांब, बारा हात रुंद आणि पुरुषभर खोल. हौदाला लागून फरसबंद ओटा, त्यावर दगडी बाकं, कोंबड्या भाजायची चूल आणि कंदील टांगायचे खांब. शिमग्याच्या आधी मालक पाहुणे घेऊन यायचे, तीन दिवस पोहायचे, खायचे, प्यायचे आणि जायचे. बाकीचं वर्षभर हौदात बेडूक पोहायचे.

त्या तीन दिवसांवर दिवाणजींचं वर्षभराचं जगणं टांगलेलं होतं. पगार, राहायची दोन खोल्यांची जागा, परसातली वांगी, सगळं. आणि गेल्या वर्षी तिथेच घोटाळा झाला होता. मालकांचे व्याही ओल्या अंगानं ओट्यावरून निघाले ते शेवाळावरून घसरले आणि खुबा मोडून घेतला. मालकांनी विचारलं, ओटा कुणी घासला नाही? दिवाणजींनी क्षणाचाही विचार न करता हौदावरच्या गड्याचं, सुकलूचं, नाव घेतलं. सुकलूला त्याच ओट्यावर वेताचे फटके बसले आणि ठेकेदाराच्या सगळ्या कामांवरून त्याला हाकलून दिलं. तो पार सिरोंच्याकडे लाकडं ओढायला निघून गेला. वर्ष झालं, परत फिरकला नव्हता.

खरं तर सुकलूला ओटा घासायला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम दिवाणजींचं, आणि दिवाणजी आदले तीन दिवस सावली गावाला लग्नात जेवणावळी झोडत होते. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, दिवाणजींना आणि सुकलूला. सुकलूनं घरी सांगितलं असेल तर तिघांना.

म्हणून यंदा सुकलूची बायको सोमारी आपल्या पायानं कामावर आली तेव्हा दिवाणजी चपापले. नवऱ्याला जिथे मारलं तिथे ही कशाला आली? मजुरीसाठी म्हणावं तर तेंदूपानांचं काम जवळच आलं होतं. पण हौद घासायला माणसं मिळत नव्हती, आणि मालकांचं पत्र आलं होतं की यंदा काही उणं दिसलं तर तुझं गाठोडं बांधून ठेव. दिवाणजींनी तिला ठेवून घेतलं आणि त्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवला.

काम तिनं चोख केलं, हीच तर पंचाईत होती. सागाची कुजकी पानं तिनं टोपल्या टोपल्या भरून बाहेर काढली. भिंती भाताच्या तणसाच्या चोळण्यानं आणि विटेच्या भुकटीनं घासल्या, वर चुना फासला. ओटा तर असा खरवडला की दगडाचा मूळचा काळा रंग वर आला. ज्याच्यावर अन्याय झाला तो इतकं मन लावून काम करतो म्हणजे त्याच्या मनात नक्की काहीतरी आहे, असं दिवाणजींना वाटलं. स्वतःवरून पारख केली की माणसाला असंच वाटतं.

मग नाल्याचा पाट हौदात सोडला. भरायला सहा दिवस लागले आणि पाणी आलं ते गेरूसारखं तांबडं. चांद्याहून तुरटी मागवली होती, तिचा पत्ता नव्हता. दिवाणजींची झोप उडाली. आणि मग रोज सकाळी पाणी थोडं थोडं नितळ दिसू लागलं. पहिल्या दिवशी वरची पायरी दिसली, तिसऱ्या दिवशी चौथी. दुसरा कुणी असता तर त्यानं देवाला नारळ फोडला असता. दिवाणजींना वाटलं, तुरटीशिवाय पाणी नितळ होतं म्हणजे कुणीतरी त्यात काहीतरी टाकतंय.

चौथ्या दिवशी ते भल्या सकाळी चिंचेआड जाऊन उभे राहिले. सोमारी एकटी हौदाच्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती. दगडावर काहीतरी घासत होती, घासलेलं पाण्यात धुऊन सोडत होती. ती उठून गेल्यावर दिवाणजींनी जाऊन पाहिलं. पायरीवर एक अर्धवट झिजलेलं बी पडलं होतं, गोल, चपटं, राखाडी. शेजारी पाण्यावर तीन बेडूक पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

दिवाणजी मूळचे वऱ्हाडातले. रानातलं त्यांना एकच बी माहीत होतं. तिकडे मोकाट कुत्री मारायला कुचला घालायचे, तेही असंच गोल, असंच चपटं, सदऱ्याच्या गुंडीसारखं.

तिला बोलावून विचारायचं? विचारलं तर ती गेल्या वर्षीचं काढेल. पोलिसांत जायचं? तिथे पहिला प्रश्न येणार, ही बाई असं का करेल? त्याचं उत्तर दिवाणजींना तोंडपाठ होतं आणि तेच तर द्यायचं नव्हतं. त्यांनी तांब्याभर पाणी काढून बंगल्यावरच्या कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्यानं हुंगलं आणि तोंड फिरवून ते उन्हात जाऊन पडलं. ते नुकतंच भाताच्या पेजेवर ताव मारून आलं होतं. पण दिवाणजींना पुरावा हवा होता, तो मिळाला.

मालक दुपारपर्यंत येणार होते. रिकामा हौद दिसला तर नोकरी जाईल. भरलेल्या हौदात पाहुणा मेला तर फास लागेल. एवढा हिशेब करून दिवाणजींनी मोगरी उचलली, उताराकडच्या भिंतीबाहेर गेले आणि हौदाच्या मोरीचा सागवानी दट्ट्या चार घावांत उडवून लावला. पाण्याचा लोट बाहेर पडला आणि रानात घुसला.

आवाज ऐकून त्यांची बायको कमळा पदर सावरत धावत आली.

"अहो, हे काय करून राह्यले? पानी काऊन सोडलं?"

दिवाणजींनी कनवटीचं बी काढून तिच्यापुढे धरलं. कुचला, एवढंच म्हणाले.

कमळानं बी हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो वेडा झाला की काय. "कुचला कुठचा? निवळी हाये हे. गढूळ पान्यात घासून टाकली का गाळ खाली बसते. सोमारीनंच मले देली. चार दिवसांपासून आपल्या माठात मी हेच घासतो. काल तुमीच म्हनलं नाई का, पानी गोड लागून राह्यलं म्हनून?"

बेडकांचं विचारलं, तर म्हणाली, नव्या चुन्याच्या पाण्यात बेडूक जगतो का कुठे.

दिवाणजी दट्ट्या घेऊन मोरीकडे धावले. पण लोटाच्या जोरापुढे दट्ट्या टिकेना. दोनदा तो त्यांच्या हातून उडाला, एकदा छातीवर बसला. तेवढ्यात सोमारी आली. तीही लोटात शिरली, दोघांनी मिळून जोर लावला, आणि दट्ट्या बसला तेव्हा हौदात गुडघाभर पाणी उरलं होतं. तेही ढवळून पुन्हा तांबडं झालेलं. दोघं चिंब भिजून उभी होती आणि नाल्यापलीकडे मोटारींचे भोंगे वाजत होते.

मालक थेट मागे आले. मागोमाग काठी टेकत व्याही, आणि हातावर टॉवेल टाकलेले पाच-सहा पाहुणे. मालकांनी हौदात वाकून पाहिलं, मग भिजलेल्या सोमारीकडे पाहिलं.

"ही सुकलूचीच बायको ना?" ते म्हणाले.

आता दिवाणजींना खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की भागत होतं. वेताची छडी मालकांच्या हातात होतीच. नोकरी, दोन खोल्या, परसातली वांगी, सगळं त्या गप्प राहण्यात सुखरूप होतं. सोमारी त्यांच्याकडे पाहत होती. त्या नजरेत ना भीती ना विनवणी, आणि तिला आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं. हा माणूस काय करणार हे तिला वर्षभरापासून माहीत होतं. दिवाणजींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मनापासून किळस आली.

"मालक, पानी मी सोडलं," ते म्हणाले. "हिनं पान्यात इख कालवलं असं मले वाटलं. तसं काई नोतं. हिनं चार दिवस खपून पानी साफ केलं होतं." मग म्हणाले, "अन् मागच्या साली ओटा घासून घ्याचं काम माह्यं होतं. मी सावलीले लग्नात होतो. सुकलूले मी सांगतलंच नोतं. त्यानं फुकट मार खाल्ला."

व्याह्यांची काठी फरशीवर थांबली. मालकांनी मान हलवली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला या लोकांनी धमकावलेलं दिसतंय. नाहीतर गेल्या वर्षीचं आज आठवायला काय झालं?"

दिवाणजी पुन्हा तेच सांगू लागले, तारीखवार, लग्नघराच्या नावानिशी. कुणाचाच विश्वास बसेना. उद्या सकाळी खोल्या रिकाम्या कर, एवढं बोलून मालक पाहुण्यांना घेऊन आत गेले.

सोमारीनं लुगड्याचा पदर पिळला. खराटा भिंतीला टेकवला. मग ती दिवाणजींसमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत स्वतःहून त्यांच्याशी बोलायची ही तिची पहिलीच वेळ.

"हे आयकाले आली होती मी," ती म्हणाली. "माह्या नवऱ्यासमोर असंच सांगसान का?"

"सांगतो," दिवाणजी म्हणाले.

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. विश्वास ठेवावा की नाही हे तिचं ठरेना, ते दिवाणजींना दिसत होतं आणि त्यांना त्याचा राग आला नाही. "मंग चला," ती म्हणाली आणि सिरोंच्याच्या वाटेला लागली. कमळाला गाठोडं बांधायला सांगून दिवाणजी ओल्या धोतरानंच तिच्या मागे निघाले.